सही खरी, तारीख खोटी
(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे "छंद : घोटाळेबाजांच्या सह्या जमवणे" असं छापलंय. हे कोणाचं काम आहे ते मला ठाऊक आहे, आणि ते पहिल्या रांगेत बसून हसताहेत. पण बातमी खरी आहे. कुणी नाणी जमवतं, कुणी पोस्टाची तिकिटं. आमच्या शेजारचे काका कॉस्टकोच्या पावत्या जमवतात. मी राजकीय घोटाळ्यांत ज्यांची नावं गाजली अशा लोकांची सही असलेली पत्रं जमवतो. दिवसभर स्क्रीनकडे बघून झालं की संध्याकाळी खरा कागद हातात घ्यावासा वाटतो, एवढंच त्याचं कारण असावं. संग्रह लहान आहे, चौदा पत्रं फक्त. बहुतेक सगळी वॉटरगेटच्या काळातल्या माणसांची, आणि एकही सनसनाटी नाही. "आपल्या पत्राबद्दल आभारी आहे" या छापाची.

त्यातलं एक पत्र आज लिलावाच्या टेबलावर आहे. रिचर्ड निक्सनचं. ते विकत घ्यायला तुम्हाला भरीला पाडावं म्हणून कार्यकारिणीने मला ही वीस मिनिटं दिली आहेत. पण कार्यक्रम जाहीर झाल्यावर आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला फोन केला आणि विचारलं, "अरे, आश्रमशाळेतल्या पोरांची पुस्तकं अशा माणसाच्या सहीवर घ्यायची का?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी देणार आहे, पण जरा वळसा घालून.

इथे जन्मलेल्या तरुण मंडळींनी वॉटरगेट शाळेत वाचलंय, बाकीच्यांसाठी थोडक्यात. १७ जून १९७२ च्या पहाटे वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीत, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत पाच माणसं पकडली गेली. चोर म्हणावं तर अंगात सूट आणि हातात रबरी हातमोजे. तपास वर वर सरकत गेला आणि ९ ऑगस्ट १९७४ ला अध्यक्ष निक्सनना राजीनामा द्यावा लागला. मधली दोन वर्षं म्हणजे कागदांचा आणि टेपांचा डोंगर आहे. टेपांबद्दल सगळे बोलतात. मी कागदांबद्दल बोलतो.

ती भानगड उघडी पडायला एका सहीच्या पत्राचा मोठा हात होता. पकडलेल्या पाच जणांतला जेम्स मॅकॉर्ड हा सी.आय.ए.चा जुना माणूस, निक्सनच्या निवडणूक समितीचा सुरक्षा अधिकारी. खटला झाला, दोषी ठरला, शिक्षा सुनावायची बाकी होती. त्याने १९ मार्च १९७३ या तारखेचं पत्र न्यायाधीश जॉन सिरिका यांना लिहिलं, आणि २३ मार्चला सिरिकांनी ते भर कोर्टात वाचून दाखवलं. आरोपींवर गुन्हा कबूल करून गप्प बसण्यासाठी राजकीय दबाव आणला गेला, खटल्यात खोट्या साक्षी झाल्या, आणि यात गुंतलेल्या इतर लोकांची नावं पुढे आलेलीच नाहीत, असं त्यात होतं. तोवर वर्तमानपत्रांत "माहीतगार सूत्रांकडून" असं येत होतं. सूत्राला सही नसते. मॅकॉर्डने खाली नाव घातलं आणि प्रकरण फिरलं.

असलं पत्र बाजारात येत नाही, ते कोर्टाच्या दप्तरात जातं. आमच्यासारख्यांच्या वाट्याला येतात ती उरलीसुरली. यातल्या बऱ्याच जणांनी पुढे पुस्तकं लिहिली. जॉन डीन आणि चार्ल्स कोल्सन यांची १९७६ ला आली, हाल्डेमनचं १९७८ ला, गॉर्डन लिडीचं १९८० ला. पुस्तकं आली की सह्या आल्या, सह्या आल्या की बाजार आला. मी स्वतः पुस्तकांवरच्या सह्या घेत नाही. त्या विकण्यासाठीच केलेल्या असतात. मला कामाची पत्रं आवडतात, ज्यात माणूस आपण संग्रहात जाणार आहोत हे विसरलेला असतो.

आता खरं-खोटं कसं ओळखायचं? इथे माझा इंजिनिअर जागा होतो. अमेरिकन सरकारी कचेऱ्यांत ऑटोपेन नावाचं मशीन असतं. सहीचा साचा घालायचा, खरं शाईचं पेन अडकवायचं, पत्र खाली सरकवायचं, की झाली सही. चार्ल्स हॅमिल्टन नावाच्या न्यू यॉर्कच्या सह्यांच्या व्यापाऱ्याने १९६५ मध्ये केनेडींच्या ऑटोपेन सह्यांवर आख्खं पुस्तकच काढलं. निक्सनच्या अध्यक्षीय काळातल्या पुष्कळ सह्याही मशीनच्याच. २०११ मध्ये ओबामा फ्रान्समध्ये असताना तर एका कायद्यावर वॉशिंग्टनमध्ये ऑटोपेनने सही झाली.

गंमत बघा. आमच्या धंद्यात दोन फायली बिट न् बिट सारख्या निघाल्या की आम्ही सुटकेचा श्वास टाकतो, कॉपी बरोबर झाली म्हणून. सह्यांच्या धंद्यात हे बरोब्बर उलट. दोन सह्या एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरल्या आणि तंतोतंत जुळल्या, तर दोन्ही मशीनच्या. माणूस आपलीच सही दोनदा सारखी करू शकत नाही. पेनचा दाबही बघायचा. हाताने केलेल्या सहीत शेवट निमुळता होतो, मशीन मात्र थांबते तिथे ठिपका सोडते. मशीन नसेल तर सेक्रेटरी असते, ती साहेबाची सही साहेबापेक्षा सुबक करते!

आपल्या पूर्वजांना हे सगळं पुरतं ठाऊक होतं. शिवकालीन पत्रांत मजकूर लिहायचा चिटणीस. वर मुद्रा, आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब, म्हणजे खाली नंतर कुणी चार ओळी घुसडू नयेत. शिक्कामोर्तब हा शब्द आपण आता कशालाही वापरतो, पण मुळात ती सुरक्षा व्यवस्था होती.

पण सही खरी असूनही कागद खोटा असू शकतो. ही गोष्ट मला आज मुद्दाम सांगायची आहे, कारण ती देणगीची गोष्ट आहे आणि या खोलीत सगळे देणगीदार बसले आहेत.

त्या काळी अध्यक्ष, उपाध्यक्ष यांची कागदपत्रं ही त्यांची खासगी मालमत्ता समजली जायची. ती राष्ट्रीय अभिलेखागाराला दान दिली की दानाच्या किमतीएवढी वजावट आयकरात मिळायची. निक्सननी आपल्या उपाध्यक्षपदाच्या काळातले कागद असे दान द्यायचं ठरवलं. खोकी मार्च १९६९ मध्ये अभिलेखागारात पोचलीही. पण खोकी पोचणं म्हणजे दान नव्हे. त्यातलं काय दिलं, कोणत्या अटींवर दिलं, याचं दानपत्र व्हायला हवं. ते राहून गेलं. आणि इकडे काँग्रेसने कायदा बदलला : २५ जुलै १९६९ नंतर दान दिलेल्या अशा कागदांना वजावट नाही. कायदा डिसेंबरात झाला, तारीख मात्र मागची, जुलैची. झाली ना पंचाईत!

मग काय झालं? १० एप्रिल १९७० ला व्हाइट हाउसच्या एडवर्ड मॉर्गन नावाच्या वकिलाने निक्सनच्या वतीने दानपत्रावर सही केली. सही खरी, माणूस खरा, कागद खरा. दानपत्रावर तारीख मात्र २७ मार्च १९६९. कागदांची किंमत ठरवली ५,७६,००० डॉलर. ती ठरवणारा होता राल्फ न्यूमन, शिकागोचा लिंकनच्या कागदपत्रांचा नामांकित व्यापारी, म्हणजे आमच्याच पंथाचा. परिणाम असा की दोन लाख डॉलर पगार घेणाऱ्या अध्यक्षांनी १९७० सालचा फेडरल आयकर भरला ७९२ डॉलर ८१ सेंट. १९७१ चा ८७८ डॉलर ३ सेंट. इथे नवीन एच-वनवर आलेला पोरगा यापेक्षा जास्त भरतो!

हे बाहेर काढलं ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या एका वर्तमानपत्रातल्या जॅक व्हाइट या बातमीदाराने, ऑक्टोबर १९७३ मध्ये. त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. निक्सनचं ते प्रसिद्ध वाक्य, "मी लबाड नाही", आपल्याला वाटतं घरफोडीबद्दल होतं. १७ नोव्हेंबर १९७३ ला ऑरलँडोत, डिस्ने वर्ल्डमध्ये, संपादकांसमोर ते बोलले, ते स्वतःच्या पैशाच्या व्यवहारांबद्दल. एप्रिल १९७४ मध्ये काँग्रेसच्या समितीने हिशेब मांडला तेव्हा व्याजासकट पावणेपाच लाखांच्या वर कर निघाला. मॉर्गनने गुन्हा कबूल केला आणि चार महिने तुरुंगात काढले. न्यूमन १९७५ मध्ये दोषी ठरला, दहा हजार डॉलर दंड झाला. लिंकनची खरीखोटी सही डोळे मिटून ओळखणारा माणूस, तारखेपाशी घसरला.

वॉटरगेटमध्ये याहून भयंकर गोष्टी भरपूर आहेत. पण मला ही सगळ्यांत ओळखीची वाटते. घरफोडी कुणी आपल्यातलं करणार नाही. टेपाही कुणी पुसणार नाही. मागची तारीख मात्र...

आता आपल्या मंडळाची गोष्ट. नाव घेणार नाही, अंदाजही बांधू नका. मागे एकदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका सद्गृहस्थांनी अडीच हजार डॉलरचा चेक आणून दिला आणि विनंती केली की पावती डिसेंबरची द्या, म्हणजे मागच्या वर्षाच्या करात धरता येईल. खजिनदार काकूंनी शांतपणे सांगितलं, चेक ३१ डिसेंबरला पोस्टात टाकला असता तर तो त्या वर्षाचा झाला असता, आज हातात दिलात तर आजचा. ते म्हणाले, तारखेनेच तर फरक पडतो, पैसे तर मुलांनाच जाणार ना? प्रश्न कार्यकारिणीपुढे आला. मीही होतो. खोटं कशाला बोलू, चर्चा तासभर चालली. "एक आकडा तर बदलायचाय" असं म्हणणारेही होते, आणि ती माणसं वाईट नव्हेत. अडीच हजारांत एका आश्रमशाळेत पुस्तकं, कपाटं आणि सतरंज्या असं छोटं वाचनालय उभं राहतं, हे ते मोजून सांगत होते. शेवटी पावती आजच्याच तारखेची मिळेल असं ठरलं. गृहस्थ चेक घेऊन गेले, परत आले नाहीत. त्या वर्षी पाच वाचनालयं करायची होती, चार झाली. पाचव्या शाळेच्या मुख्याध्यापकांना "पुढच्या वर्षी बघू" असं पत्र गेलं. त्या पत्रावर सही काकूंची आहे, आणि ते लिहिताना त्यांना काय वाटलं ते मी पाहिलंय.

म्हणून आज हा लिलाव. ती पाचवी शाळा अजून यादीत आहे.

राजीनाम्याच्या पत्रांबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय मला राहवणार नाही, संग्राहकाचा तो दुखरा भाग आहे. निक्सनचं राजीनाम्याचं पत्र एका ओळीचं, परराष्ट्रमंत्री किसिंजर यांच्या नावे, कारण कायद्याने अध्यक्षाचा राजीनामा परराष्ट्र खात्याकडेच जातो. किसिंजरनी त्यावर आद्याक्षरं घालून वेळ लिहिली, ११.३५. आदल्या वर्षी, १० ऑक्टोबर १९७३ ला, उपाध्यक्ष ॲग्न्यू यांचंही त्यांच्याकडेच आलं होतं. आपल्याकडे तर राजीनाम्याच्या पत्रानेच गुन्हा वाढल्याचं उदाहरण आहे. १९५१ मध्ये हंगामी संसदेचे सभासद एच. जी. मुदगल यांच्यावर मुंबईच्या सराफ बाजारातल्या बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन तिचं काम केल्याचा ठपका आला. हकालपट्टीचा ठराव चर्चेत असतानाच त्यांनी राजीनामा दिला. सभागृहाने ठरवलं की ते हकालपट्टीलाच पात्र होते, आणि पत्रातल्या भाषेने अपराधात भरच पडली. त्या चौकशी समितीचे अध्यक्ष होते टी. टी. कृष्णम्माचारी. तेच १९५८ मध्ये मुंदडा प्रकरणात अर्थमंत्रिपदावरून गेले, आणि ती चौकशी मुंबईत न्यायमूर्ती छागलांपुढे झाली. असो. हे कागद विकाऊ नाहीत, आणि नसावेतच. निक्सनच्या अध्यक्षीय कागदांसाठी तर १९७४ ला वेगळा कायदा करावा लागला, आणि २००० साली त्या कागदांपोटी सरकारने त्यांच्या वारसांशी १ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड केली.

आणि एक कागद. वॉटरगेटच्या त्या रात्री पहाऱ्यावर फ्रँक विल्स नावाचा २४ वर्षांचा कृष्णवर्णीय पहारेकरी होता. पगार आठवड्याला ८० डॉलर. गॅरेजच्या दाराच्या कुलपावर त्याला चिकटपट्टी लावलेली दिसली. त्याने ती काढली. परत फेरीवर आला तर पुन्हा लावलेली! त्याने पोलिसांना फोन केला आणि नोंदवहीत वेळ लिहिली, १.४७. ती वही आज राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. वेळ घडलेल्या घटनेची, अक्षर घडलेलं पाहणाऱ्याचं. निक्सनवरच्या १९७६ च्या गाजलेल्या सिनेमात त्याने स्वतःचीच भूमिका केली, पण पुढे धड नोकरी मिळाली नाही. १९८३ मध्ये बुटांच्या एका जोडाच्या चोरीबद्दल त्याला वर्षाची शिक्षा झाली. २००० साली, ५२ व्या वर्षी तो गेला, गरिबीतच. त्याची सही असलेला कागद मला मिळाला तर मी माझी चौदाही पत्रं देऊन टाकीन. आतापर्यंत मिळालेला नाही.

तर काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. निक्सन १९९४ मध्ये वारले, या पैशातलं काही त्यांच्याकडे जात नाही. मी हे पत्र एका व्यापाऱ्याकडून घेतलं, बिल सोबत आहे. पण तुमच्या मनात होतं ते पैशाचं नव्हतं, हे मला कळलं. म्हणून पत्रासोबतच्या माहितीपत्रकात मी "थोर मुत्सद्दी" वगैरे लिहिलेलं नाही. चीनला गेले तेही लिहिलंय, दानपत्राची तारीखही लिहिली आहे. ज्याला हे पत्र दिवाणखान्यात लावायचं असेल त्याने पाहुण्यांना दोन्ही सांगावं.

पत्र १९८० नंतरचं आहे. तेव्हा ते आपल्याच न्यू जर्सीत सॅडल रिव्हरला राहायचे. इथून पाऊण-एक तासाचा रस्ता. मजकूर दोनच ओळींचा, कुणीतरी शुभेच्छा पाठवल्या त्याबद्दल आभार. मी ते ऑटोपेनच्या माहीत असलेल्या नमुन्यांवर ठेवून बघितलंय, जुळत नाही, म्हणजे आपल्या दृष्टीने चांगलं. अशी पत्रं बाजारात काही शे डॉलरना मिळतात. आम्ही त्याचा बाजारभाव ४०० डॉलर छापलाय आणि तो मुद्दाम फुगवलेला नाही. तुम्ही ७०० ला घेतलंत तर तुमची वजावट ३०० ची, सातशेची नाही. काकू तशीच पावती देतील, त्यांच्याशी वाद घालू नका, मी घालून पाहिलाय. मला स्वतःला वजावट मिळेल ती फार तर मी दिलेल्या किमतीएवढी. नुसती देणगी द्यायची असेल तर २५० डॉलर किंवा जास्त असल्यास लेखी पोच लागते, ती जागच्या जागी मिळेल. आजच्या तारखेची!

पत्राने अडीच हजार भरणार नाहीत, हे मलाही कळतं. टेबलावर आणखी पैठणी आहे, दोन चित्रं आहेत, एका मावशींनी वर्षभर दर महिन्याला पुरणपोळ्या द्यायचं कबूल केलंय, त्यावर तर आताच तीन बोली आल्यात. निक्सन पुरणपोळीपुढे मागे पडले तरी माझी तक्रार नाही.

टेबल खिडकीपाशी आहे, शेजारी भिंग ठेवलंय. सही तिरक्या उजेडात बघा, पेनचा दाब दिसतो. पत्र प्लॅस्टिकमधून बाहेर काढू नका, आणि वडे खाऊन झाल्यावर येणार असाल तर आधी हात धुऊन या. बोली साडेआठला बंद होतील.